कधीपासून?

नेरूळच्या आमच्या इस्पितळात
विम्याचं टेबल तळमजल्यावर, औषधांच्या दुकानाला लागून.
वरच्या मजल्यांवर विचारतात, कुठं दुखतंय.
मी विचारते, कार्ड आणलंय का.

समोरच्या टीव्हीचा आवाज बंद असतो.
आरोग्य विम्याच्या कायद्यावर चर्चा चाललीय,
म्हणजे ओठ चाललेत
आणि खालून पट्टी सरकतेय: सुधारणा की बोजा?
एक जण बोट उगारतो, दुसरा पाणी पितो.
खुर्च्यांवरची माणसं बघत बसतात,
टोकनचे आकडे बघावेत तशी.

मंगळवारी उतेकर आले. यशवंत उतेकर,
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातले माथाडी.
मानेवर पोत्यांनी घडवलेली गाठ,
खिशात पॉलिसी, चार घड्या घातलेली.
बायको शेवंता, तिसरा मजला, खाट अकरा, झडप निकामी.
'दोन वर्षं झाली मॅडम, एक हप्ता चुकवला नाही.'

कंपनीचं उत्तर तीन चाळीसला आलं.
आजार पूर्वीपासूनचा. दावा नामंजूर.
पुरावा म्हणून जोडला होता आमचाच कागद.
दाखल करताना पोरगेल्या डॉक्टरनं विचारलं होतं,
दम कधीपासून लागतो, मावशी?
आणि मावशी सरळ बोलून गेल्या होत्या,
थोरलीच्या लग्नात हंडा उचलला ना, तेव्हापासून.
थोरलीच्या लग्नाला पाच वर्षं झाली.
डॉक्टरनं लिहिलं: पाच वर्षे.
डॉक्टरांचं अक्षर कधी नव्हे ते वाचता येत होतं.

'म्हणजे तिनं खोटं सांगायला पायजे होतं?'
तसं नाही, मी म्हटलं.
'मग कसं?'
भांडत नव्हते ते.
पोतं किती किलोचं, असं विचारावं तसं विचारलं.

बिलिंगमधली जोसलिन म्हणते,
लोकही काही कमी नाहीत.
गेल्या महिन्यात एकानं बायपासची तारीखच खोडली होती,
छातीवरचा टाका तेवढा खोडता आला नाही.
कंपन्या बुडाल्या तर तुझ्या कायद्याचं काय लोणचं घालायचं?
तिचंही खरं होतं.
माझंही.
आम्ही चहा मागवला.

मसुद्यावर सूचना मागवल्यात, शुक्रवारपर्यंत.
रात्री जुईनगरच्या खोलीत मोबाइलवर वाचत बसले.
कलम, पोटकलम, खंड, परंतुक.
आजार 'माहीत असलेला' म्हणावा की 'माहीत असायला हवा होता असा'
यावर समितीचं अडलंय म्हणे.
मी अंगठ्यानं टाइप केलं:
महोदय, दम लागणे हा आजार नव्हे.
हंडा जड असतो.
मग ते पुसलं. सूचनेसारखं वाटेना.
पुन्हा लिहिलं:
'कधीपासून' हे फक्त बरं करणाऱ्यानं विचारावं,
पैसे देणाऱ्यानं त्या उत्तराला हात लावू नये.
पाठवलं. पोचल्याची आपोआप पोच आली,
प्रिय नागरिक, आपला क्रमांक अमुक.

गुरुवारी उतेकर पैसे घेऊन आले.
टोळीतल्या एकवीस जणांनी काढले होते,
कुणी पाच हजार, कुणी आठशे.
यात ना अर्ज, ना अट, ना प्रतीक्षा काळ.
गड्डी मोजताना मध्येच
कांद्याचं साल निघालं, पातळ, जांभळं.
मी ते फेकलं नाही. पावतीबुकात कुठंतरी आहे.
पैसे निम्म्यालाच पुरले. झडपेची तारीख पुढं गेली.

आज सकाळी एक बाई आली, मुलगा धापा टाकत होता.
वर जा म्हटलं, तातडीच्या विभागात,
तर टेबलाला धरून उभीच.
हळूच म्हणाली,
ताई, वर विचारतील ना, कधीपासून,
तर काय सांगू?

टीव्हीवर कुणीतरी बाक वाजवत होतं, आवाजाशिवाय.
मी तिचं कार्ड हातात घेतलं,
उलटं केलं,
सुलटं केलं.